तिसऱ्याला उशीर

शो संपला, हॉलमधल्या लाईटी लागल्या, माझी लेक खुर्चीवर उभी राहून अजून टाळ्या वाजवत होती, आणि शेजारी बसलेले अप्पा, वय वर्षं शहात्तर, डाव्या कानात मशीन, एवढंच म्हणाले, "तिसऱ्याला उशीर झाला."

मला वाटलं शो उशिरा सुरू झाला त्याबद्दल बोलतायत. तसा तो झाला होताच, सोलापुरात साडेसहा म्हणजे सव्वासात, त्यात काय एवढं. "तसं न्हाई गं," अप्पा म्हणाले, "तो लाल नाकाचा तीनदा पडला का नाही? पहिल्याला बराबर, दुसऱ्याला बराबर. तिसऱ्याला ती ड्रमवाली बाई उशिरा वाजवली."

(सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे बाई वाजवली असंच म्हणतात, बाईने वाजवलं वगैरे पुस्तकात. मी केलो, मी खाल्लो, मी सांगितलो. कानडी-तेलुगूच्या शेजारात राहून मराठीतला तो 'ने' कुठंतरी गळून पडलाय आणि त्याच्यावाचून आजपर्यंत कुणाचं काही अडलेलं नाही.)

तर सुरुवातीपासून. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्यातरी आईने टाकलं होतं, फॅमिली क्लाउन शो, सर्कस, कॉमेडी, लाईव्ह म्युझिक, हुतात्मा स्मृती मंदिर, तिकीट दोनशे. फॅमिली म्हणजे घरच्यांबरोबर बघण्यासारखा, चावट काही नसणार, असा आम्ही सगळ्यांनी अर्थ काढला. तिथं गेल्यावर कळलं की करणारेच एका फॅमिलीतले आहेत. नवरा, बायको आणि सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. तिघंच. माझा नवरा आला नाही, म्हणाला जोकर बघायला दोनशे रुपये कशाला, ऑफिसात रोज फुकट दिसतात. अप्पांना न्यायचं खरं तर ठरलंच नव्हतं, ते हल्ली कुठं जात नाहीत, गर्दीत मशीन शिट्टी मारतं म्हणतात. पण लेकीने हट्ट धरला आणि अप्पांनी एकच विचारलं, "म्युझिक खरं हाय का ट्रॅकवर?" म्हणलं लाईव्ह लिहिलंय. "बघू तर," म्हणाले आणि मशीनचा सेल बदलून घेतला.

हॉल अर्धा रिकामा. स्टेजवर एक मोठी पत्र्याची ट्रंक, एक लाकडी शिडी, दोन खुर्च्या, एका टेबलावर बाजाची पेटी, आणि उजव्या कोपऱ्यात ड्रम. बाई ड्रमवर बसलेली, केसात गजरा, चेहऱ्याला फक्त पांढरा रंग आणि एक भुवई वर काढलेली, त्यामुळे ती सतत 'हे काय चाललंय' असं विचारतेय असं वाटायचं. पोरगा एकचाकी सायकलवरून ट्रंपेट वाजवत आला. आणि शेवटी तो, लाल नाक, तीन माणसं मावतील अशी पँट, आला आणि पब्लिककडे बघून पहिला शब्द काय बोलला तर, "काय बे?"

संपला विषय. सोलापुरात बाहेरून आलेला कुणीही स्टेजवर काय बे म्हणला की हॉल त्याचा. प्रत्येक ऑर्केस्ट्रावाला करतो, प्रत्येक पुढारी करतो, आणि आम्ही दर वेळी तितक्याच मनापासून फसतो.

पुढचा पाऊण तास मी फार दिवसांनी अशी हसले. पेटीचाच प्रकार सांगते. पेटी तिकडं टेबलावर, स्टूल इकडं चार हातांवर. त्याला पेटी वाजवायची आहे. तो स्टूलवर बसतो, हात लांब करतो, पोचत नाही. उठतो, अंतर बघतो, विचार करतो, डोकं खाजवतो, आणि जाऊन टेबलासकट पेटी ओढायला लागतो. स्टूल उचलायचं त्याच्या डोक्यात येतच नाही. माझी लेक जीव तोडून ओरडत होती, "अहो काका स्टूल! स्टूल सरकवा!" आणि तो घाम पुसत तिच्याकडे बघून हात जोडायचा, की बाई थांब जरा, कामात आहे. पोरं अशा वेळी जी चिडतात ना, ते बघण्यासारखं असतं. जगात पहिल्यांदाच कुणीतरी मोठा माणूस त्यांच्यापेक्षा मठ्ठ निघालेला असतो.

विनोद जुना आहे हे मला घरी येऊन कळलं. स्वित्झर्लंडचा ग्रॉक नावाचा एक फार मोठा विदूषक होऊन गेला, तो हेच करायचा, पियानोला धक्के मारत स्टुलाकडे आणायचा. स्वतः बरीच वाद्यं उत्तम वाजवायचा आणि आयुष्यभर ती वाजवता येत नसल्याचं सोंग केलं. जन्म १८८० चा. आता गंमत बघा, त्याच १८८० साली आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी द ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोडी सांभाळणारा माणूस, मुंबईत चियारिनीची रॉयल इटालियन सर्कस बघतो आणि म्हणतो हे आपण पण करू. त्याच सांगलीच्या मुलखात सदतीस वर्षं आधी, १८४३ ला, विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं होतं. म्हणजे नाटक पण तिकडचं, सर्कस पण तिकडची, आणि आमच्याकडं चादरी.

पण छत्र्यांची मला सर्कशीपेक्षा जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. माणूस गाण्याचा वेडा. तरुणपणी ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे शिकायला गेलेला. पुढं हद्दू खाँचा मुलगा, रहिमत खाँ, एवढा मोठा गवई, पार हलाखीत फिरताना त्यांना सापडला, तर त्यांनी त्याला सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. विचार करा, एका बाजूला वाघांचे पिंजरे, घोड्यांची लीद, भुस्सा, आणि तिथंच कुठंतरी राहुटीत ग्वाल्हेरचा ख्याल. सर्कस आणि लाईव्ह म्युझिक हे कुणी आता नव्याने जमवून आणलेलं नाही, इतकंच माझं म्हणणं.

अप्पा या सगळ्यात एकदाही हसले नाहीत. मी दोन-तीनदा वळून बघितलं. पुढं वाकून बसलेले, हनुवटी काठीवर, डोळे स्टेजच्या फळ्यांवर. शेजारच्या बाईंना वाटलं असणार आजोबांना कंटाळा आलाय. मला माहीत होतं ते काय करत होते. ते पाय बघत होते.

अप्पा मिलमध्ये कामाला होते आणि लग्नसराईत बँडमध्ये साईड वाजवायचे. साईड म्हणजे साईड ड्रम, गळ्यात पट्टा, मांडीवर तिरका, खालच्या कातड्याला तारा लावलेल्या, त्या तारांमुळे तो चर्रर्र आवाज येतो. पावसाळ्यात सुपाऱ्या नसल्या की घरी उशीवर रियाज चालायचा आणि आई वैतागायची, कापूस निघालाय सगळा. जानेवारीत गड्डा. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांतीच्या टायमाला, उंच नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं ते कमरेवर तोलत नेतात, अक्षता सोहळा, होम, मग दारूकाम, पण आम्हा पोरांच्या लेखी गड्डा म्हणजे होम मैदान. पाळणे, मौत का कुआँ, भजी, फुगे, हरवलेल्या पोरांची लाऊडस्पीकरवर नावं, आणि सर्कस. तेव्हा सर्कशीत जनावरं असायची. वाघ, सिंह, अस्वल, माकडांवर सरकारने बंदी आणली ती १९९८ मध्ये, त्याच्या आधीची ही गोष्ट. रात्री थंडीत गोधडी डोक्यावरून घेतली तरी वाघ ऐकू यायचा, आणि आई म्हणायची झोप, त्याला पण झोप येईना झालीय.

एका वर्षी सर्कशीच्या बँडमधला ड्रमवाला गावी गेला तो परत आलाच नाही. त्यांच्या मास्तरांनी गावात माणूस शोधला, कुणीतरी अप्पांचं नाव सांगितलं. दिवसा मिल, संध्याकाळी सर्कस. असे सलग तीन गड्डे अप्पा सर्कशीत वाजवले, आणि मी सात वर्षांची, मग आठ, मग नऊ, त्यांच्याबरोबर जाऊन बँडच्या माळ्यावर बसायचे.

हा माळा कुठं असतो माहितीय? कलाकार ज्या पडद्यातून रिंगणात येतात त्या पडद्याच्या बरोबर वर. म्हणजे मी सर्कस कधी पुढून बघितलीच नाही. मागून बघितली. वाघाची शेपटी आधी दिसायची. टिकल्यांचे कपडे घातलेल्या पोरी पडद्यामागं अंगावर शाल घेऊन कुडकुडत उभ्या असायच्या, नाव पुकारलं की शाल खाली आणि हात वर. जोकर लोक तंबाखू मळत कोपऱ्यात, एकमेकांशी मल्याळीत नाहीतर भोजपुरीत काहीतरी भांडण चाललेलं, आणि पडद्यातून पाऊल टाकलं की चाल बदलायची. तोंड नंतर बदलायचं, आधी चाल. मी वरून बघायचे तर कुठल्या पावलाला माणूस जोकर होतो ते बोट ठेवून दाखवता आलं असतं.

बँड काय वाजवायचा तर निम्मी हिंदी गाणी आणि सुरुवातीला ती सगळ्या जगाला पाठ असलेली सर्कशीची धून, टँ टँ टडाटडा टँ टँ टँटा. ती मुळात मिलिटरीचा मार्च आहे हे अप्पांनाच त्यांच्या मास्तरांनी सांगितलेलं. ज्युलियस फुचिक नावाच्या झेक बँडमास्तराने १८९७ मध्ये रुबाबदार योद्ध्यांसाठी लिहिला आणि सर्कसवाल्यांनी पळवून, जोरात फिरवून जोकरांच्या पायात घातला. बिचाऱ्याचे योद्धे कायमचे जोकर झाले.

पण अप्पांचं मुख्य काम गाण्यात नव्हतंच, ते पडण्यात होतं. जोकर पडला, ढप. थोबाडीत बसली, चट्ट. पँट सुटली, झांज. मला हे तेव्हा फार मोठं गुपित वाटायचं की लोक पडण्याला हसत नाहीत, आवाजाला हसतात. आवाज काढून टाका, नुसता माणूस पडलेला बघा, कुणी हसत नाही, लोक उठून बघायला येतात. इंग्रजीतला तो स्लॅपस्टिक शब्द तरी काय आहे, इटलीच्या जुन्या नाटकवाल्यांकडची दोन फळ्यांची एक काठी, मारली की एकीवर एक आपटून केवढा तरी आवाज व्हायचा आणि अंगाला काहीच लागायचं नाही. आमच्या गल्लीतली पोरं चिरलेल्या बांबूने हेच करायची, आया धावून यायच्या.

अप्पांनी मला शिकवलं होतं, तोंड बघायचं नाही. "जोकरचं तोंड पब्लिकसाठी असतंय. आपल्यासाठी पाय. तोंड बघितलीस की हसशील, हसलीस की हात चुकणार." आणि टायमिंगचं गणित असं की बूड जमिनीला टेकलं त्याच क्षणी वाजलं पाहिजे. "आधी वाजलं तर लोकांना कळतंय की हे ठरवून करलालेत. उशिरा वाजलं तर लोकांना वाटतंय लागलं."

हे वाक्य मी विसरले होते, त्या रात्री हुतात्मातनं बाहेर पडेपर्यंत.

तिसऱ्या गड्ड्याला, कितवा दिवस होता आठवत नाही, झुल्याचा आयटम चालू होता. तो शेवटी असतो. पोरं-पोरी या झुल्यावरून त्या झुल्यावर, खाली जाळी, आणि मधेच एक जोकर पण चढतो, घाबरतो, लटकतो, त्याची पँट दुसऱ्याच्या हातात राहते आणि तो चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत जाळीत पडतो. झांज. हशा. रोजचं. जाळीत पडायला पण शिकावं लागतं, पाठीवर पडायचं, हात आत घ्यायचे. त्या दिवशी तो पाठीवर पडला, पण जाळीच्या कडेला, आणि जाळीने त्याला उडवून बाहेर भुश्श्यात टाकलं. पाय मात्र रोजच्यासारखेच वर गेले होते. अप्पांनी पाय बघितले आणि झांज मारली. एकदम बराबर.

आणि अख्खा तंबू हसला. रोजच्यापेक्षा जास्त हसला, कारण आज तो जाळीच्या बाहेर पडला होता, काहीतरी नवीन होतं.

तो उठला नाही. बँडमास्तरांनी नुसता हात वर फिरवला, म्हणजे थांबू नका, जोरात. बाकीचे जोकर पळत आले, स्ट्रेचर आणली, ती पण उलटी धरून, एकजण मुद्दाम त्यावर स्वतःच जाऊन झोपला, दुसऱ्याने त्याला लाथ मारली, पब्लिक गडाबडा लोळायला आलं, आणि असं हसवत हसवत त्यांनी त्या माणसाला उचलून पडद्याच्या आत आणलं. पडद्याच्या आत म्हणजे माझ्या बरोबर खाली. तिथं पोचल्यावर त्यांची तोंडं मी बघितली. तोंड बघायचं नसतं ना. मी बघितली.

सर्कसवाल्यांचा हा सगळीकडचाच नियम आहे, बँड थांबायचा नाही. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत हार्टफर्डला भर दुपारच्या शोत तंबूने पेट घेतला, दीडशेच्या वर माणसं गेली, त्यात केवढी पोरं, तर तिथला बँड त्यांचा तो संकटाचा ठरलेला मार्च वाजवत राहिला, जेणेकरून सर्कशीच्या माणसांना कळावं की घात झालाय. त्या दिवसाचा एक फोटो आहे, जोकरच्या पूर्ण मेकअपमधला एमेट केली पाण्याची बादली घेऊन चाललाय. तो फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. त्याच्या तोंडावर जे रंगवलेलं दुःख आहे ते रोजचं, कामाचं आहे. खरं त्याच्या खाली कुठंतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलला जायच्या आधी अप्पा मला घेऊन होम मैदानावर गेले. मला हत्तीजवळ उभं केलं आणि ते राहुटीत गेले, पण राहुटीला कुठं दार असतं, सगळं दिसत होतं. जोकर खाटेवर बसलेला, उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हाताने बशीत चहा ओतायला बघत होता आणि सांडत होता. रंगाशिवाय तो अगदीच कुणीतरी पोस्टात वगैरे असावा तसा दिसत होता. अप्पांना बघून खूश झाला. म्हणाला, "मास्टर, कल टायमिंग एकदम बराबर था. पब्लिक क्या हँसा!"

अप्पांनी त्याला चहा ओतून दिला. काही बोलले नाहीत. येताना मला भजी घेऊन दिली नाहीत, मी मागितली पण नाहीत. पुढच्या वर्षी सर्कशीचा माणूस घरी आला होता, अप्पा आतून आईला म्हणाले सांग त्याला माझी शिफ्ट बदललीय. बदलली नव्हती. लग्नात वाजवत राहिले अजून बरीच वर्षं, मिल बंद पडल्यावर तर तेच होतं, पण सर्कशीत परत नाही. आम्ही पण कधी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारायच्या गोष्टींची एक वेगळी फडताळ आहे, बऱ्याच घरात असते.

आता परत हुतात्मात. शिडीचा आयटम. त्याला बायकोसाठी वरच्या पडद्याला अडकलेला फुगा काढायचाय. पहिल्यांदा तो चढायच्या आधीच पोरगा शिडी घेऊन वळतो, शिडी याच्या डोक्याला, हा पडतो, ढप. दुसऱ्यांदा दोन पायऱ्या चढतो, पँट खिळ्याला, ढप आणि वर झांज. जगातल्या पहिल्या सर्कशीत, लंडनला १७६८ मध्ये फिलिप ॲस्टलीकडे, पहिला विनोद कसला होता तर एक शिंपी घोड्यावर बसायला बघतो आणि त्याला बसताच येत नाही. अडीचशे वर्षं झाली, घोडा गेला, शिडी आली, आणि शिंपी अजून चढतोच आहे.

तिसऱ्यांदा तो पार वर गेला. फुग्याला हात लावला. पब्लिक श्वास धरून. शिडी हलली आणि तो तिथून खाली, ट्रंकेच्या मागं, आमच्याकडून अर्धवट दिसेल असा. आणि आवाज नाही.

नुसता लाकडी फळ्यांवर माणूस पडल्याचा आवाज, तो ऐकायला कसा असतो ते मला माहीत नव्हतं, फार छोटा असतो. हॉलमधून एक 'हं' निघालं. माझी लेक एकदम माझ्या दंडाला चिकटली. एक सेकंद, दीड सेकंद असेल. मग ट्रंकेमागून एक पाय वर आला, मोज्याला भोक, भोकातून अंगठा, अंगठा हलला, आणि त्या क्षणी बाईने झांज अशी हाणली की सगळा हॉल फुटला. मी पण. लेक तर खुर्चीवर चढली ती उतरलीच नाही.

आणि अप्पा म्हणाले, तिसऱ्याला उशीर झाला.

"मी सांगतो तिला," म्हणाले. मी म्हणलं अप्पा राहू द्या, कलाकार लोक आहेत, दमलेले असतील. ऐकतात होय. काठी टेकत मागच्या दाराला. तिथं टेम्पो लावलेला, पोरगा सामान चढवत होता, लाल नाकवाला खाली पायरीवर बसून घोट्याला बर्फाची पिशवी धरून होता, नाक काढून खिशात ठेवलेलं, आणि बाई स्नेअर ड्रम स्टँडवरून सोडवत होती. एक भुवई अजून वरच होती. अप्पांनी नमस्कार केला, सांगितलं मी पण वाजवायचो, सर्कशीत, गड्ड्यात. बाई म्हणाल्या आम्ही मिरजेकडचे, बसा ना काका. अप्पा बसले नाहीत. म्हणाले, "फार चांगलं वाजवलालाव. पण राग मानू नका, तिसऱ्याला उशीर झाला तुमचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र हसल्या. अशा हसल्या की जसं कुणीतरी बऱ्याच दिवसांनी हिशोब बरोबर तपासलाय.

"उशीर नाही झाला काका," त्या म्हणाल्या. "मी थांबले. हे पडायच्या आधी तोंडाने श्वास घेतात, हूक असा, नाकाला ते लावलेलं असतं ना. मला कोपऱ्यात ऐकू येतो तो. आज तिसऱ्याला आलाच नाही. म्हणजे हे पडले नव्हते, घसरले होते. मग मी कशी वाजवू? मी वाजवलं असतं तर लोक हसले असते."

"मग?"

"मग काय, पाय वर आला, अंगठा हलवला. मग वाजवलं."

पायरीवरून नवरा म्हणाला, "घोटा गेलाय पण. उद्या बार्शीला शो आहे," आणि पोराने टेम्पोतून ओरडून विचारलं शिडी आडवी ठेवू का उभी.

अप्पा काही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि ते त्या ड्रमकडे. बराच वेळ. लेक येऊन म्हणाली मम्मी सू आलीय, मी तिला म्हणलं थांब जरा. टेम्पोवाला हॉर्न वाजवून गेला एकदा. मग अप्पा म्हणाले, तिला नाही, मलाही नाही, असंच, "मला श्वास ऐकू येत नव्हता. बँड लई मोठा होता आमचा. वर बसायचो."

बाईंना काही कळलं नसणार. तरी त्या "हो का," म्हणाल्या, आणि ड्रम पिशवीत घालायला उचलला. अप्पांनी हात पुढं केला. त्यांना काय वाटलं कोण जाणे, दिला. अप्पांनी काठी माझ्याकडे दिली, ड्रम उलटा करून मांडीवर घेतला, शेवटी बसलेच त्या पायरीवर, नवऱ्याच्या शेजारी, आणि बोटाने खालच्या तारांवरून हात फिरवला. कानाजवळ नेला, मशीनच्या बाजूला.

"दोन तारा सैल हायत," म्हणाले. "पाना हाय का?"

पोराने टेम्पोतून पाना आणून दिला.